धाक, लाड आणि वळण

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, आणि येतं त्या दिवशी घरातली बाकीची कामं बाजूला पडतात. अशाच एका पाण्याच्या दिवशी आईनं सहावीतल्या मुलाला सांगितलं, "मी दवाखान्यात जाऊन येते. पाणी आलं की मोटर लाव, टाकी भरली की बंद कर." पाणी आलं तेव्हा मुलगा गल्लीच्या टोकाला क्रिकेट खेळत होता. आई परतली तेव्हा टाकी कोरडी होती आणि नळही.

ही गोष्ट मी पालकसभेत नेहमी सांगते. गेली २२ वर्षं मी शहराच्या पूर्व भागातल्या एका शाळेत शिकवते. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड. पण टाकी रिकामी राहिली म्हणजे काय, हे कुणालाच समजावून सांगावं लागत नाही. पुढे काय झालं असेल, असं विचारलं की चार तऱ्हेची उत्तरं येतात.

एका घरात वडील संध्याकाळी कारखान्यातून येतात, ऐकतात आणि "कुठं गेलतास बे?" म्हणत हातच उचलतात. मुलगा काही सांगायला तोंड उघडतो तर "परत उलट बोलायलास?" म्हणून आणखी एक बसते. प्रश्न विचारलेला असतो, पण उत्तर नको असतं.

दुसऱ्या घरात आजी त्याला पाठीशी घालते. "लेकरू हाय, खेळणारच की." आई शेजारून घागरी भरून आणते. मुलगा कॉटवर बसून मोबाइल बघतो आणि मधेच "भूक लागली" म्हणतो.

तिसऱ्या घरात कुणी काही विचारतच नाही. काम सांगितलं होतं हेही विसरलेलं असतं. मुलगा घरी कधी आला, जेवला का, शाळेत गेला का, याची कुणाला खबर नसते.

चौथ्या घरात आई आधी चिडते. आवाज चढतो. मग ती तांब्याभर पाणी पिऊन बसते आणि विचारते, "काय झालं?" पाणी आलेलं कळलंच नाही, असं मुलगा सांगतो. "बरं. पण आता चार दिवस काढायचेत. आजीला गुडघ्यांमुळं जिना चढवत नाही, मला एकटीला एवढं आणवत नाही. काकूंच्या बोअरचं पाणी तू आणायचं. घागर मी उचलून देईन." मुलगा कुरकुरतो, तोंड पाडतो, पण आणतो. पुढच्या वेळी तोच एक युक्ती काढतो. नळ उघडा ठेवून त्याखाली तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा ठेवायचा. पाणी आलं की डबा तडतड वाजतो आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येतो.

मुलं वाढवण्याच्या पद्धतींवर गेल्या साठ वर्षांत मानसशास्त्रात जे काम झालं, त्याचा गाभा या चार घरांत आहे.

या कामाची सुरुवात अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या डायना बॉमरिंड या संशोधिकेनं केली. तिचे पहिले महत्त्वाचे लेख १९६६ आणि १९६७ सालचे. तिची रीत मला फार आवडते, कारण तिनं आईबापांपासून सुरुवात केली नाही. ती बालवाडीतल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांकडे आधी बघत बसली. कोणती मुलं आपलं आपण काम करतात, नवीन गोष्टीला हात घालतात. कोणती मुलं बावरलेली, कोपऱ्यात राहणारी. कोणती जरा मनाविरुद्ध झालं की आदळआपट करणारी. असे गट लावल्यावर मग ती त्यांच्या घरांकडे वळली, पालकांशी बोलली, घरी त्यांचं मुलांशी वागणं कसं आहे ते टिपलं. तिला तीन तऱ्हा दिसल्या. पुढे १९८३ साली एलिनॉर मॅकोबी आणि जॉन मार्टिन या दोघांनी ही मांडणी पक्की केली आणि चौथी तऱ्हा, म्हणजे वरचं तिसरं घर, जोडली.

इंग्रजी पुस्तकांत या तऱ्हांची नावं ऑथॉरिटेरियन, परमिसिव्ह, ऑथॉरिटेटिव्ह आणि निग्लेक्टफुल अशी आहेत. पहिलं आणि तिसरं नाव कानाला जवळजवळ सारखं लागतं, त्यामुळे शिकवणारेही गोंधळतात. अर्थ मात्र उलटे आहेत. म्हणून मी आपले शब्द वापरते: धाकाची तऱ्हा, लाडाची तऱ्हा, वळणाची तऱ्हा आणि वाऱ्यावर सोडण्याची तऱ्हा.

मॅकोबी आणि मार्टिन यांनी सांगितलेली एक गोष्ट समजली की उरलेलं सोपं होतं. आपण काय धरून चालतो? एका टोकाला कडक पालक, दुसऱ्या टोकाला मऊ पालक, आणि शहाण्यानं मधे कुठंतरी उभं राहावं. थोडं रागवावं, थोडं लाडवावं. त्यांचं म्हणणं, ही एक रेघ नाहीच. मोजायच्या गोष्टी दोन आहेत आणि त्या वेगवेगळ्या आहेत. एक म्हणजे माया: मुलाचं ऐकणं, त्याच्या मनात काय चाललंय ते ओळखणं, हाकेला ओ देणं. दुसरी म्हणजे अपेक्षा: घराचे नियम, त्याच्या वाटचं काम, आणि ते झालं का हे बघणं. शेंगाचटणीत तिखट आणि मीठ वेगवेगळं पडतं. तिखट वाढवलं म्हणून मीठ आपोआप कमी होत नाही. धाकाच्या घरात अपेक्षा भरपूर, माया दिसत नाही. लाडाच्या घरात माया भरपूर, अपेक्षा नाही. वाऱ्यावर सोडलेल्या घरात दोन्ही नाहीत. आणि वळणाच्या घरात दोन्ही भरपूर आहेत, अर्धं-अर्धं नाही. चौथ्या घरातल्या आईनं पाणी आणायचं काम माफ केलं नाही, एक घागरही कमी केली नाही. तरी ती त्याच्या बाजूनं उभी होती.

याचा मुलांवर काय परिणाम होतो? अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन आणि कॅलिफोर्नियातल्या शाळांत १४ ते १८ वर्षांच्या चार हजारांहून जास्त मुलांचा एक मोठा अभ्यास झाला. तो १९९१ साली प्रसिद्ध झाला. त्यात पालकांना काही विचारलं नव्हतं, घरी कसं वागवतात हे मुलांनाच विचारलं होतं. वळणाच्या घरांतली मुलं अभ्यासात, आत्मविश्वासात आणि मनाच्या स्वास्थ्यात सगळ्यांत बरी निघाली. वाऱ्यावर सोडलेली मुलं जवळपास प्रत्येक बाबतीत मागं होती. मधल्या दोन गटांचं चित्र जास्त विचार करायला लावणारं आहे. धाकातली मुलं शाळेत ठीकठाक होती, नियम मोडत नव्हती, पण स्वतःबद्दल त्यांचं मत खालचं होतं. मला जमेल असं त्यांना वाटत नव्हतं. लाडातल्या मुलांचं नेमकं उलटं. स्वतःवर भरवसा होता, पण अभ्यासात मन कमी आणि शाळेतल्या खोड्या, नशापाणी जास्त. एक वर्षानं त्याच मुलांना परत तपासलं तेव्हा हे फरक टिकून होते, काही बाबतींत वाढलेही होते.

आता असं का होतं, ते बघू.

धाकानं काम होतं, हे मी नाकारत नाही. लगेच होतं. म्हणून तर दमलेला माणूस हात उचलतो. दिवसभर मागाच्या खडखडाटात उभं राहून घरी आलेल्या बापाला पाच मिनिटं बसून बोलण्यापेक्षा एक थप्पड सोपी वाटते, आणि त्या दिवसापुरता घरात आवाजही बंद होतो. प्रश्न असा की मुलगा त्यातून काय शिकला? टाकी भरायला? नाही. वडील घरात आहेत का हे बघायला शिकला. पुढच्या वेळी चूक झाली की तो सांगेल, "पाणी आलंच नाही आज." माझ्या वर्गात खोटं बोलण्यात सगळ्यांत तरबेज मुलं मी पाहिली आहेत, ती बहुतेक मार खाणाऱ्या घरांतली. मुळात ती वाईट नसतात. त्यांना खोटं बोलायची गरज पडलेली असते.

मार्टिन हॉफमन या मानसशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात शिस्त लावण्याचे तीन मार्ग वेगळे करून दाखवले. पहिला, ताकद वापरणं: मार, धमकी, वस्तू हिसकावून घेणं. दुसरा, माया काढून घेणं: अबोला, पाठ फिरवणं. तिसरा, कारण सांगणं, आणि तेही तुझ्या वागण्यानं दुसऱ्याला काय झालं हे दाखवून. नियम मुलाच्या आत जाऊन बसतो, कुणी बघत नसतानाही पाळला जातो, तो तिसऱ्या मार्गानं. हॉफमनचं स्पष्टीकरण अगदी साधं आहे. घाबरलेल्या मुलाचं सगळं लक्ष स्वतःच्या गालाकडे आणि पळायच्या वाटेकडे असतं. आजीला जिना चढवत नाही, हे त्याच्या ध्यानात शिरायला जागाच उरत नाही. चौथ्या घरात आजीच्या गुडघ्यांचा उल्लेख आला, तो इथं कामी येतो.

मारण्याबद्दल पालक मला हमखास एक गोष्ट ऐकवतात: "बाई, आम्ही पण मार खाल्लाय, आमचं काय बिघडलं?" हा प्रश्न प्रामाणिक आहे, त्याला उत्तर द्यायला हवं. २०१६ साली एलिझाबेथ गेरशॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी पाच दशकांतले अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांतल्या मुलांची संख्या १ लाख ६० हजारांवर होती. साध्या चापटीचाही संबंध जास्त हट्टीपणाशी, जास्त मारकुटेपणाशी आणि मनाच्या त्रासाशी दिसला. फायदा काही दिसला नाही. आता कुणी म्हणेल, हे अमेरिकेत. आपल्याकडे सगळ्यांनाच मार पडतो, त्यामुळे मुलं मनाला लावून घेत नाहीत. जेनिफर लॅन्सफर्ड आणि तिच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं. त्यांनी चीन, भारत, इटली, केनिया, फिलिपिन्स आणि थायलंड या सहा देशांतल्या आया आणि मुलं घेतली आणि २००५ साली निष्कर्ष मांडला. जिथं मारणं सर्रास चालतं तिथं परिणाम थोडा सौम्य असतो, हे खरं निघालं. पण नाहीसा होत नाही. तिथंही जास्त मार खाणारी मुलं जास्त आक्रमक आणि जास्त चिंतेत होती.

शाळेत तर कायद्यानंच हात बांधले आहेत, आणि ते योग्य झालं. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देता येत नाही.

लाडाबद्दल बोलताना मला जपून बोलावंसं वाटतं. या शहरात गिरण्या बंद पडलेल्या पाहिलेले आजोबा आहेत, आठवड्याच्या पगारावर घर ओढलेले बाप आहेत. आपण जे सोसलं ते लेकराच्या वाट्याला नको, ही भावना मी कशी चूक म्हणू? पण मुलाच्या वाट्याचं कामही त्याच मायेनं काढून घेतलं, तर नुकसान होतं. स्वतःला आवरणं, थांबणं, कंटाळवाणं काम पुरं करणं, हे सगळं शरीराच्या ताकदीसारखं आहे. वापरल्याशिवाय येत नाही. दप्तर आई भरते, प्रकल्प बाबा करतात, भांडण झालं की आजी शेजारणीशी भांडायला जाते. दहा वर्षांनी त्याच मुलाला आपण विचारतो, तुला जबाबदारी कशी नाही? त्याला सराव कधी मिळाला होता?

हॉफमनच्या दुसऱ्या मार्गावर मला जरा जास्त थांबायचं आहे, कारण तो सुशिक्षित घरांत फार चालतो आणि त्याला कुणी शिक्षा म्हणत नाही. माझी मुलगी नववीत असताना तिला गणितात ४१ गुण मिळाले. मी तिला मारलं नाही, ओरडलेही नाही. दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. ताट वाढायचं, समोर सरकवायचं, आणि तोंड फिरवायचं. मला वाटत होतं, मी किती संयमानं वागतेय. दुसऱ्या दिवशी रात्री ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मला पुढच्या परीक्षेत जास्त गुण मिळाले तर बोलशील का?" तिच्या चेहऱ्यावर गणिताची काळजी नव्हती. आई आपली उरली की नाही, याची होती. ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

संशोधक याला मनावरचा ताबा म्हणतात. ब्रायन बार्बर यानं १९९६ साली दाखवलं की मुलाच्या वागण्यावर लक्ष ठेवणं वेगळं आणि त्याच्या मनावर ताबा ठेवणं वेगळं. कुठं चाललास, कुणाबरोबर, कधी येणार, हे विचारणारे पालक मुलाला वाया जाण्यापासून वाचवतात. पण "तुझ्यासाठी मी किती खस्ता खाल्ल्या", "तुझ्यामुळे बाबांचं बीपी वाढलं", "असा मुलगा नसता तर बरं झालं असतं", अशा वाक्यांचा संबंध मुलांच्या उदासीशी सापडतो. काय करायचं आणि काय नाही, यावर नियम हवा. पण काय वाटून घ्यायचं हेही आपणच ठरवायला लागलो, तर मूल आतून खचतं. अबोल्याचा वळ दिसत नाही, म्हणून तो सौम्य आहे असं समजू नये.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, म्हणजे सगळं आईबापाच्याच हातात? नाही. तसं मानलं तर फार अन्याय होईल. रिचर्ड बेल यानं १९६८ सालीच सांगितलं होतं की पालक मुलाला घडवतात तसं मूलही पालकांना घडवतं. शांत मुलाची आई शांत राहू शकते. पाच मिनिटांत पाच वेळा भिंतीवर चढणाऱ्या मुलाची आई ओरडतेच. कोणामुळे काय झालं, हे उलगडणं सोपं नाही. शेकडो अभ्यास एकत्र केल्यावरही या तऱ्हांचा परिणाम दिसतो खरा, पण तो माफक दिसतो. मुलाचा पिंड, मित्र, शाळा, घरातला पैसा, हे सगळं आपापलं ओढत असतं.

पिंडाचं तर खासच. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर दांपत्यानं १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये तान्ह्या बाळांपासून पुढे कितीतरी वर्षं मुलांचा मागोवा घेतला. काही बाळं पहिल्यापासून सहज रुळतात, काही प्रत्येक नव्या गोष्टीला कडाडून विरोध करतात, काही हळूहळू सैल होतात. दोघांनी जोर दिला तो जुळण्यावर: मुलाचा पिंड आणि घराची रीत एकमेकांना बसते का. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत एक मूल आकाशपाळण्यासाठी हात ओढत असतं, दुसरं गर्दी आणि भोंग्यांनी घाबरून आईचा पदर सोडत नाही. दोघंही सख्खी भावंडं असू शकतात. घाबरणाऱ्याला "भित्रा" म्हणून पाळण्यात कोंबलं तर तो धीट होत नाही. त्याला आधी लांबून बघू द्यावं लागतं.

आणखी एक प्रश्न मला या मांडणीबद्दल पडायचा. ही सगळी पद्धत अमेरिकन घरं बघून केलेली. आपल्याकडे आई "बस खाली, अभ्यास कर" म्हणते तेव्हा त्यात जरब असते, पण मुलाला त्यात प्रेमही ऐकू येतं. हीच शंका रूथ चाओ या संशोधिकेनं १९९४ साली चिनी कुटुंबांबद्दल मांडली. अमेरिकेत स्थायिक झालेल्या चिनी आया प्रश्नावलीत कडक ठरत होत्या, तरी त्यांची मुलं शाळेत उत्तम होती. चाओनं दाखवलं की चिनी भाषेतल्या "ग्वान" या शब्दात हुकूम चालवणं आणि जपणं हे दोन्ही अर्थ एकत्र आहेत. ते वाचताना मला आपला "वळण" शब्द आठवला. अक्षराला वळण लावतात ते पाटीवर मुलाचा हात आपल्या हातात धरून. जोरात दाबला तर खडू तुटतो, सोडून दिला तर रेघ भरकटते. पुढे हात सोडून नुसता कित्ता देतात, आणि एक दिवस मूल स्वतःच्या अक्षरात लिहितं. आपल्या भाषेत शिस्त आणि माया आधीच एका शब्दात होती. म्हणून परदेशी प्रश्नावलीत आपलं घर कुठल्या चौकटीत बसतं यापेक्षा मी पालकांना एवढंच विचारते: तुमचं मूल चूक करून घरी येताना काय विचार करत येतं? "आईला सांगावं" की "आईला कळू नये"?

वाऱ्यावर सोडण्याच्या तऱ्हेबद्दल बोलताना गरिबीला दोष दिला जातो, त्याची मला चीड येते. आमच्या भागात कितीतरी बायका घरी बसून विड्या वळतात. मजुरी हजार विड्यांमागे मिळते, त्यामुळे हात थांबला की पैसा थांबला. एका विद्यार्थ्याच्या घरी गेले होते. आई मांडीवर सूप घेऊन बसलेली, ओल्या तेंदूच्या पानावर पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं पान कापायची, तंबाखू भरायची, बोटांच्या एका फेरीत विडी वळायची, दोरा बांधायची. नजर एकदाही वर नाही. समोर मुलगा सतराचा पाढा म्हणत होता. "सतरा साते एकशे सोळा," तो म्हणाला. ती न बघताच म्हणाली, "परत म्हण." तो थबकला, बोटं मोडली, "एकशे एकोणीस." "हं." ती तिसरीपर्यंत शिकलेली, आणि हा पाढा तिला रोज ऐकून पाठ झालेला. तिच्याकडे वेळ नव्हता, पण लक्ष होतं. उलट दोन्ही हात रिकामे असलेली, मोबाइलमध्ये डोकं घातलेली माणसंही मी पाहते. मूल तीनदा "बाबा" म्हणतं आणि बाबांचं नुसतं "हूं".

ते "हूं" किती महागात पडतं, हे एडवर्ड ट्रॉनिक यानं १९७० च्या दशकात तान्ह्या बाळांवर करून दाखवलं. आईनं बाळाशी हसायचं, बोलायचं, आणि मग काही वेळ चेहरा पूर्ण निर्विकार ठेवायचा. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, किंचाळतं, आणि शेवटी मान फिरवून कोसळतं. काही मिनिटांत. ट्रॉनिकच्या पुढच्या कामातली दिलासा देणारी गोष्ट अशी की चांगल्या जोड्यांतही आईबाळाचा सूर सतत जुळलेला नसतो. तुटतो, परत जुळतो. बाळ त्या परत जुळण्यातूनच शिकतं.

वळणाचा खरा कस मूल घराबाहेर पडल्यावर लागतो. दहावी-बारावीनंतर सोलापूरची मुलं पुण्याला निघतात. सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसलं की दुपारच्या आत धाक अडीचशे किलोमीटर मागं राहतो. वडिलांच्या पावलांच्या आवाजावर अभ्यास करणाऱ्या मुलाला तिथं पावलंच ऐकू येत नाहीत. ज्याला घरात कधी काही ठरवू दिलं नाही, त्याला खोलीभाडं, मित्र, रात्री किती वाजता झोपायचं हे सगळं एकदम ठरवावं लागतं. म्हणून सातवी-आठवीपासून नियम थोडे थोडे त्याच्याशी बोलून ठरवावेत. मोबाइल किती वाजता बाहेरच्या खोलीत ठेवायचा, हे त्यालाच सुचवू द्यावं. सुचवलेलं पाळलं नाही तर काय, हेही आधीच ठरवावं. घासाघीस होईल. होऊ द्या. वाद घालायला येणं ही पुढे उपयोगी पडणारी गोष्ट आहे.

मूल सतत गप्प राहत असेल, जेवणझोप बिघडली असेल, जगण्यात अर्थ नाही असं काही बोलत असेल, तर हा पद्धतीचा प्रश्न समजून घरात चर्चा करत बसू नये. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मनाच्या आजारांसाठीच आहे, आणि मुलांवर अत्याचार होत असेल तर १०९८ ही चाइल्डलाइन दिवसरात्र चालते.

मागच्या पालकसभेनंतर एक वडील मागं थांबले. यंत्रमागावर काम करणारे, शर्टावर सुताचं तूस. मुलगा दहावीत. म्हणाले, "बाई, आता एवढा मोठा झाला. आधी लई मारलंय मी. आता काय उपयोग?" मी त्यांना सांगितलं की हे संशोधन बरंचसं दहावीच्याच वयाच्या मुलांवर झालंय, मुलांना त्या वयातही घरातला फरक कळतो. आधी एकदा त्याच्याशी बोला. त्यांनी विचारलं, "म्हणजे नेमकं काय म्हणायचं?" मी म्हटलं, एवढंच म्हणा: "मी मारलं ते चुकलं. आणि टाकीचं काम अजून तुझंच आहे." त्यांनी सभेच्या सूचनेचा कागद उलटा केला, खिशातून पेन काढलं आणि भिंतीला टेकवून ती दोन वाक्यं तेलुगूत लिहून घेतली. दुसऱ्या वाक्यापाशी थांबून विचारलं, "दोन्ही म्हणायची ना?"

"दोन्ही," मी म्हटलं.